आफ्रिकेतला सातारा

परवा सांगलीहून काकांचा फोन. "क्रूगरची सफारी किती दिवसांची करू रे? एक दिवस पुरे ना?" काका म्हणजे वाई, महाबळेश्वर आणि प्रतापगड एका दिवसात उरकणारे!

म्हटलं, आधी नकाशा बघा, तिथे सातारा आहे. खरंच! दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाचा एक कॅम्प आहे, नाव सातारा. मला वाटलं, कुणी सातारकर ठेवून आला असणार. (आपला अभिमान, दुसरं काय!) पण सांगतात ते वेगळंच. उद्यान झालं १९२६ साली. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, तिथली जमीन शेतांसाठी मोजली गेली. सर्व्हेयरच्या हाताखाली एक हिंदुस्थानी माणूस होता. (नाताळच्या उसाच्या मळ्यांवर आपले मजूर १८६० पासूनच जात होते.) सतराव्या तुकड्याला तो 'सत्रह' म्हणाला आणि त्याचं झालं सातारा. आमची सांगली सहा गल्ल्यांची, सातारा सात टेकड्यांचा म्हणतात... आणि हा सतरा नंबरचा!

असो, दिवसांचं बघू. चांदोली ३१८ चौरस किलोमीटर, क्रूगर १९,०००च्या वर. डांबरी रस्त्यावरही वेग ५०च्या आत आणि अंधार पडायच्या वेळी गेट बंद. सिंह हिंडतात पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. बाहेरून एका दिवसात जाऊन यायचं तर नेमकी तीच वेळ प्रवासात जाणार. म्हणून सांगितलं, किमान तीन रात्री, त्याही साताऱ्यातच.

काका म्हणाले, "एवढे पैसे घालून मुक्काम शेवटी साताऱ्यातच होय!"