कागदावर धडधाकट

१० फेब्रुवारी १९८३ची रात्र. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदरात, तुम्ही ‘मरीन इलेक्ट्रिक’च्या डेकवर उभे आहात. पोटात २४,८०० टन कोळसा. तो मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेटन पॉइंटच्या वीजकेंद्रात पोचवायचा. जेमतेम दीड दिवसाचा पल्ला, तोही किनाऱ्याकिनाऱ्याने. जहाजावर चौतीस माणसं आहेत. पस्तिसावे तुम्ही, हजेरीपटावर नसलेले.

निघण्याआधी जरा खाली वाका आणि हॅचच्या पोलादी झाकणावरून हात फिरवा. बोटांना गंजाचे पापुद्रे लागतात. मध्येच एक गुळगुळीत फुगवटा लागतो: भोक बुजवून रंगाखाली दडवलेला इपॉक्सी. आपल्याकडे गळक्या टाकीला एम-सील फासतात ना, तसंच. फक्त ही ‘टाकी’ ६०५ फूट लांब आहे आणि पाणी बाहेरून आत येणार आहे. जहाज १९४४ सालचं, युद्धासाठी घाईघाईत बांधलेलं तेलवाहू. पुढे ते कापून, मधला भाग नवा घालून मालवाहू केलं. चीफ मेट बॉब क्युझिक यांना ही भोकं चांगली ठाऊक आहेत. तपासणीचे दाखले मात्र स्वच्छ.

११ तारखेला वादळ अंगावर येतं. त्यातच तटरक्षक दलाचा निरोप येतो: ‘थिओडोरा’ या मच्छीमार बोटीत पाणी शिरतंय, मागे फिरा. अशा समुद्रात एवढं लांबलचक धूड वळवणं म्हणजे जिवाशी खेळ, तरी कॅप्टन वळवतात. थिओडोरा सावरते, किनाऱ्याकडे निघते, आणि तुम्ही पुन्हा उत्तरेची वाट धरता.

मध्यरात्र उलटून गेल्यावर ब्रिजवरून पुढे नीट बघा. लाट आली की नाळ वर उठायला हवी. ती उठत नाहीये. लाट सरळ डेकवर चढते, झाकणांवरून पसरते आणि तिथेच रेंगाळते. तीनच्या सुमारास मदतीची हाक जाते. सव्वाचारला माणसं होड्या सोडायच्या खटपटीत असतानाच जहाज कुशीवर कलंडतं.

पाणी तीन-चार अंश सेल्सिअस. ओरडायला तोंड उघडाल तर तेवढंच पाणी आत जाईल. अंधारात एका रिंगला काही जण धरून आहेत. एकेकाचा आवाज बंद पडत जातो. उजाडायच्या आत हेलिकॉप्टर डोक्यावर येतं, टोपली खाली सोडतं. ती तुमच्या हाताशी झुलतेय. धरा! पण बोटं वळतच नाहीत. सुटकेची टोपली समोर आणि तुमचे हातच तुमचे राहिलेले नाहीत, हा प्रकार मला त्या चाळीस फुटी लाटांपेक्षाही भयंकर वाटतो. टोपलीत माणूस घालायला पाण्यात उतरणारं कुणीतरी हवं होतं. तटरक्षक दलाकडे तेव्हा तसा माणूस नव्हता. शेवटी नौदलाचा एक पोहणारा आला.

पाण्याने भरलेल्या होडीत क्युझिक तग धरून राहिले. पुढे त्यांनी सांगितलं की स्टॅन रॉजर्स या कॅनडाच्या गायकाचं ‘द मेरी एलन कार्टर’ हे गाणं त्यांनी तिथे ओरडून ओरडून म्हटलं. गाणं आहे बुडालेलं जहाज पुन्हा वर काढण्याचं! क्युझिक, थर्ड मेट यूजीन केली आणि खलाशी पॉल ड्यूई, एवढे तिघे वाचले. एकतीस गेले.

आता काही महिने पुढे सरका आणि चौकशीला बसा. मालकांच्या बाजूने सांगितलं जातं की थिओडोराच्या मदतीला जाताना जहाजाचा तळ घासला. वाचलेले सांगतात झाकणांबद्दल. चौकशी मंडळाने दोष झाकणांवर आणि डेकवरच्या भोकांवर ठेवला. वादळाने जहाज बुडवलं म्हणणं हा वादळावर अन्यायच आहे. असल्या झाकणांना सही-शिक्का देणाऱ्यांनी ते आधीच बुडवलं होतं.

त्यानंतर थंड समुद्रातल्या अमेरिकी जहाजांवर अंग कोरडं ठेवणारे सूट सक्तीचे झाले, युद्धकाळातली कित्येक जहाजं भंगारात निघाली, आणि पाण्यात उडी घेणारे जीवरक्षक तयार करा, असा हुकूम १९८४मध्ये अमेरिकी संसदेने तटरक्षक दलाला दिला.