चौथा भिडू



इथे आपण वाड्यांच्या, शाळांच्या, गणेशोत्सवाच्या आठवणी लिहितो. आज विषय वेगळा आहे आणि आधीच सांगतो, थोडा जडही आहे. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या एका अमेरिकन मुलाची ही हकीकत आहे. तुम्ही म्हणाल, बडोद्याच्या या म्हाताऱ्या बँकवाल्याला हे काय सुचलं? शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

१ जुलै २०२२, शुक्रवार. रथयात्रेचा दिवस म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. नातू तेव्हा तेरा वर्षांचा. दुपारी ताट वाढलं तर आला नाही. खोलीत जाऊन बघतो तर कॉम्प्युटरसमोर बसून रडतोय. काय झालं विचारलं तर म्हणाला, "आजोबा, टेक्नोब्लेड गेला." मला वाटलं, मशीनचा कुठला भाग बिघडला. म्हटलं, "दुरुस्त करून आणू." तेव्हा तो चिडला. "आजोबा, माणूस होता तो. कॅन्सरने गेला."

ज्याला कधी पाहिलं नाही, भेटला नाही, त्याच्यासाठी पोरगं जेवत नाही, हे मला काही झेपेना. एरवी मीच ओरडायचो, "काय मिळतं रे त्या खेळातून?" त्या दिवशी ओरडलो नाही. शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, सांग. पुढे स्वतःही बरंच वाचलं. ते असं.

माइनक्राफ्ट नावाचा खेळ आहे. मूळ स्वीडनचा, मोयांग कंपनीचा. २०११ च्या नोव्हेंबरात पुरता बाजारात आला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. आकडा वाचून मी चष्मा पुसला. खेळ म्हणाल तर ठोकळ्यांचा. माती खणा, लाकूड तोडा, घर बांधा, शेती करा, नाहीतर लढा. एकट्याने खेळता येतो, पण खरी गंमत सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे आपलं मोठं मैदान समजा. जगभरातली पोरं एकाच वेळी तिथे उतरतात. हायपिक्सेल हे असंच एक प्रचंड मैदान. तिथला टेक्नोब्लेड हा गाजलेला खेळाडू. खेळात रूप कसलं, तर डोक्यावर मुकुट घातलेल्या डुकराचं!

त्याचा जन्म १९९९ चा. चौदाव्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याने यूट्यूबवर चॅनल काढलं. स्वतःचा खेळ दाखवायचा आणि वर बोलत राहायचं. बोलणं कोरडं, चेहरा न दाखवता, पण ऐकणारा हसून बेजार. लढाईत हरवायला कठीण. जुन्या चिनी युद्धनीतीच्या सुन त्झूचे दाखले द्यायचा. २०२० मध्ये तर तो एका प्रतिस्पर्ध्याशी बटाटे पिकवण्यावरून लढला. कोण जास्त बटाटे काढतो, एवढंच! महिनोन्‌महिने दिवसरात्र खेळातली शेती, कोट्यवधी बटाटे. नातू हे सांगताना डोळे पुसत हसत होता. मीही हसलो. चाळीस वर्षं आकडेमोड केली, पण असला हिशेब पाहिला नव्हता.

२०२१ च्या उन्हाळ्यात त्याचा उजवा हात दुखायला लागला. जास्त खेळून दुखत असेल असंच त्याला वाटलं. तपासणीत गाठ निघाली. सार्कोमा, म्हणजे हाडांचा किंवा मऊ पेशीजालाचा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये याचं प्रमाण जेमतेम एक टक्का, पण मुलांमध्ये आणि तरुणांत त्याहून जास्त. ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच आपल्या लोकांना हे सांगितलं, नेहमीच्या कोरड्या आवाजात, थट्टा करत.

माझ्या मनात अडकलं ते इथे. बातमी कळल्यावर लोक दूर झाले नाहीत. केमोथेरपी चालली, शस्त्रक्रिया झाली, आणि जमेल तेव्हा तो खेळायला येत राहिला. लोकही येत राहिले. त्याच्याशी पूर्वीसारखीच चेष्टा, पूर्वीसारखीच भांडणं. 'टेक्नोब्लेड कधी मरत नाही' ही त्याची जुनी, लढाईतली आरोळी. आता तीच पोरं वेगळ्या अर्थाने लिहायला लागली. त्याने आजाराच्या संशोधनासाठी पैसे गोळा केले. सार्कोमा फाउंडेशन ऑफ अमेरिका या संस्थेकडे त्याच्यामार्फत पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम गेली. देणारे बहुतेक नातवाच्या वयाचे, खाऊच्या पैशातून देणारे.

हे त्याच्यापासूनच सुरू झालं असंही नाही. २००७ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळाच्या कंपनीने मेंदूत गाठ असलेल्या दहा वर्षांच्या एका मुलाला आपल्या कचेरीत बोलावलं. त्याची इच्छा होती, खेळात आपलं काहीतरी असावं. त्याने एक कामगिरी रचली. हरवलेला कुत्रा शोधून आणायचा. कुत्र्याला नाव दिलं स्वतःच्या घरच्या कुत्र्याचं, आणि पात्राला आवाजही त्याचाच. मुलगा पुढच्या वर्षी गेला. खेळात कुत्रा शोधणारे मात्र त्यानंतरही येत राहिले. इंग्लंडचा जॉन बेन, टोटलबिस्किट या नावाने खेळांचं परीक्षण करणारा, याला २०१४ मध्ये आतड्याचा कॅन्सर निघाला. २०१५ मध्ये तो यकृतात पसरल्याचं कळलं. तरी तो काम करत राहिला, आजाराविषयी उघड बोलत राहिला. २०१८ च्या मे महिन्यात, तेहेतिसाव्या वर्षी गेला.

टेक्नोब्लेड गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. शेवटचा निरोप त्याने स्वतः लिहिला आणि वडिलांनी तो वाचून दाखवला. नातवाबरोबर मी तो ऐकला. इंग्रजी कळायला अडचण आली नाही, ऐकायलाच अडचण आली. माझं खरं नाव ॲलेक्स, असं त्यात पहिल्यांदा सांगितलं. २०१६ मध्ये भावंडाकडून 'डेव्ह' म्हणून हाक मारून घेऊन लोकांना कसं फसवलं, तेही सांगितलं. तुमच्यामुळे माझी भावंडं कॉलेजात जाऊ शकतील, त्यांना जायचं असेल तर, असं म्हणून वर चेष्टा. आणि आणखी शंभर जन्म मिळाले तरी प्रत्येक वेळी टेक्नोब्लेडच व्हायला आवडेल, अशा अर्थाचं काहीतरी. लिहून झाल्यावर तो साधारण आठ तास जगला, असं वडील म्हणाले. त्या बापाचा आवाज अजून कानात आहे.

मग हायपिक्सेलच्या मैदानात त्याच्यासाठी जागा केली गेली. तिथे जाऊन पोरांनी निरोपाचे शब्द लिहिले. लाखांवर निरोप जमले, आणि त्यांची छापील पुस्तकं करून त्याच्या घरच्यांना दिली. माइनक्राफ्ट सुरू करताना जे चित्र दिसतं, त्यातल्या डुकराच्या डोक्यावर कंपनीने मुकुट चढवला. त्या निरोपांत एक माझ्या नातवाचा आहे. काय लिहिलंस, मी विचारलं नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगायचीच म्हणून एवढं लिहिलं.

१९८० च्या सुमारास दांडिया बाजारात आमची चौकडी होती. तिघे बँकेतले, एक रेल्वेतला. दर शनिवारी रात्री मेंढीकोट. नऊला बसायचो, बायकांनी दिवे घालवायची धमकी दिली की उठायचो. रेल्वेतला माझा भिडू. कॉमर्स फॅकल्टीपासूनचा मित्र. मी कुठलं पान टाकणार हे त्याला माझ्याआधी कळायचं. त्याच्या हातात दश्श्या आली की डावी भुवई उडायची, आणि ते फक्त मला माहीत.

१९८६ मध्ये त्याला तोंडाचा कॅन्सर निघाला. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. त्या काळी आपल्याकडे आजाराचं नावही घेत नसत. "टाटाला नेलंय," एवढंच म्हणायचं, तेही आवाज खाली करून. तो परत आला. जबड्याचा भाग काढला होता, बोलणं नीट कळत नव्हतं. मी एकदा भेटायला गेलो, दहा मिनिटं बसलो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोललो आणि उठलो. पुन्हा गेलो नाही. आम्ही तिघांनी आपसात ठरवलं, त्याला आराम हवा, त्रास नको द्यायला. शनिवारी दुसरा एक शेजारी चौथा म्हणून बसायला लागला.

आठ महिन्यांनी तो गेला. तेराव्याला वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, दर शनिवारी आठ वाजता ते पत्ते काढून ठेवायचे. साडेदहाला मी उचलून ठेवायचे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मंडळी, मेंढीकोट खेळायला बोलावं लागत नाही हो. हुकूम बोटाने दाखवला तरी चालतो. त्याचा जबडा गेला होता, भुवई शाबूत होती. एवढी साधी गोष्ट आम्हा तीन शिकल्यासवरलेल्या माणसांना सुचली नाही. आराम त्याला हवा होता की आम्हाला, हे मी छत्तीस वर्षं स्वतःला विचारलं नव्हतं. त्या दिवशी नातवाच्या शेजारी बसून विचारलं. ज्या पोरांना मी 'वाया गेलेली' म्हणत होतो, त्यांनी आपला भिडू शेवटपर्यंत खेळात ठेवला. आमचं घर त्याच्या घरापासून चार मिनिटांवर होतं.

त्या चौकडीतला आणखी एक जण मागेच गेला. उरलेल्या आम्हा दोघांपैकी दुसऱ्याला गेल्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. या वेळी चुकलो नाही. शनिवारी संध्याकाळी मी, माझा मुलगा आणि सुट्टी असेल तेव्हा नातू त्याच्या घरी जातो. नातू नसला तर त्याची सून बसते. केमोच्या आठवड्यात डॉक्टर नको म्हणतात, तेव्हा फोनवर बोलतो. एरवी दीड तास खेळतो. तब्येतीची चौकशी दारात, एकदाच. नंतर फक्त पत्ते. लबाडी तो पूर्वीसारखीच करतो आणि आम्हीही पूर्वीसारखंच भांडतो. मागच्या शनिवारी त्याने माझ्या नातवावर चारही दश्श्यांचा कोट चढवला आणि वर ऐकवलं, "आजोबाकडून शिकलास ना, म्हणूनच!"

तुमच्या ओळखीत असं कोणी आजारी असेल, आणि 'त्रास नको' म्हणून तुम्ही जायचं टाळत असाल, तर एवढंच सांगतो. जाताना सफरचंदं नेऊ नका. पत्ते न्या, कॅरम न्या, बुद्धिबळ न्या, तो जे खेळायचा ते न्या. पिसायला त्याच्याच हातात द्या.