कपिलधार

बीड तालुक्यातील वीरशैव लिंगायतांचे तीर्थक्षेत्र. ‘परमरहस्य’ या मराठी ग्रंथाचे कर्ते संत मन्मथस्वामी यांचे समाधिस्थान. चौसाळ्याहून धुळे–सोलापूर महामार्गाने (राष्ट्रीय महामार्ग 52) बीडकडे निघाले की मांजरसुंबा लागते; कपिलधारचा रस्ता तिथून फुटतो. मंदिर बालाघाटाच्या कुशीत, धबधब्याच्या शेजारी आहे. कपिल मुनींनी येथे तप केले म्हणून हे नाव, अशी श्रद्धा आहे.

मन्मथस्वामी सोळाव्या शतकातले, मानूर मठाच्या परंपरेतले. ‘परमरहस्य’ हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ. गुरू, लिंग, जंगम, विभूती, रुद्राक्ष, मंत्र, तीर्थ आणि प्रसाद या अष्टावरणांचा विचार त्यांनी त्यात साध्या मराठीत मांडला. वीरशैवांचे मोठे धर्मवाङ्मय संस्कृतात आणि कन्नडात. मराठवाड्यातल्या वाणी-जंगमांच्या घरी ते पोचले ते बरेचसे या ओव्यांतून. आपल्या वाङ्मयेतिहासांत वारकरी आणि महानुभावांची पाने भरून वाहतात, मन्मथस्वामींच्या वाट्याला मात्र चार ओळी येतात. हे माप बरोबर नाही. बीड जिल्ह्याला ग्रंथकारांच्या समाध्यांचे वावडे नाही: अंबाजोगाईला मुकुंदराज आहेत, दासोपंत आहेत आणि दासोपंतांची कापडावर लिहिलेली, सुमारे 40 फूट लांबीची ‘पासोडी’ही. फरक एवढाच, की ‘पासोडी’ पाहायला माणसे जातात आणि ‘परमरहस्य’ अजून वाचले जाते. गावोगावच्या अखंड शिवनाम सप्ताहात त्याचे पारायण बसते.

लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंग असते. ते तळहातावर घेऊन केलेली पूजा हीच त्याची मुख्य पूजा, तिला देऊळ लागत नाही. तरीही कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातून माणसे येतात, कित्येक जण पायी. त्यांतली अहमदपूरची दिंडी विशेष प्रसिद्ध. टाळ-मृदंग पंढरीच्या वाटेवरचेच, पण गळ्यात तुळशीमाळेऐवजी रुद्राक्ष, कपाळावर बुक्क्याऐवजी भस्माचे तीन आडवे पट्टे आणि गजर ‘हर हर महादेव’चा.

धबधबा बघायचा तर श्रावण-भाद्रपदात यावे. तेव्हा मोटारसायकलींची गर्दी असते आणि दगड शेवाळाने निसरडे झालेले असतात. कार्तिकात पाणी ओसरते. यात्रेकरूंचे त्याविना अडत नाही.