ज्यूंचे चंद्रवंदन आणि उज्जयिनीची मध्यरेखा

उज्जयिनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबास दोन महिन्यांशी व्यवहार ठेवावा लागतो. त्याच्या पंचांगातील महिना अमावास्येस संपतो, शेजाऱ्याचा पौर्णिमेस. कृष्णपक्षात तर एकाच तिथीस दोन मासनामे असतात. त्यामुळे मासारंभ कोणी व कशावरून ठरवावा, हा प्रश्न आम्हांस केवळ ग्रंथगत वाटत नाही. ज्यू धर्मातील त्याचे उत्तर विचार करण्याजोगे आहे.

ज्यूंचा महिनाही अमान्त होय. प्राचीन काळी चंद्रकोर पाहिल्याची साक्ष येरुशलेमच्या धर्मसभेपुढे होई व तीवरून मासारंभ जाहीर होई. पुढे, परंपरेनुसार इ. स. 358 च्या सुमारास, दुसऱ्या हिल्लेलने गणिती पंचांग रूढ केले. या पंचांगात मध्यम चांद्रमास 29 दिवस, 12 तास आणि तासाच्या 1080 भागांपैकी 793 भाग इतका आहे. सूर्यसिद्धान्तातील महायुगाच्या 1,57,79,17,828 सावन दिवसांस 5,34,33,336 चांद्रमासांनी भागले असता येणारे मान यापासून जेमतेम अर्ध्या सेकंदाने भिन्न आहे! सूर्यसिद्धान्ताची मध्यरेखा उज्जयिनीवरून जाते. ज्यूंची मध्यम युती, म्हणजे 'मोलाद', येरुशलेमच्या वेळेने सांगतात. दोन्ही नगरांच्या स्थानिक वेळांत सुमारे 2 तास 42 मिनिटांचे अंतर आहे.

गणित इतके सूक्ष्म झाल्यावर डोळ्यांचे काम संपले काय? तसे झाले नाही. दरमहाचे 'किद्दुश लेवाना' हे वंदन रात्री, चंद्र प्रत्यक्ष दिसत असतानाच करावयाचे असते. त्यात स्तुती चंद्राची नव्हे, तर त्याच्या निर्मात्याची असते. मात्र त्याचा काळ गणितानेच बांधलेला आहे. मोलादानंतर तीन दिवसांनी, काहींच्या प्रथेप्रमाणे सात दिवसांनी, तो सुरू होतो. अर्धा चांद्रमास, म्हणजे 14 दिवस, 18 तास व 22 मिनिटे, लोटल्यावर संपतो. दुसरे मत पूर्ण 15 दिवसांची मुभा देते.

हा नियम पावसाळ्यात खरा कसोटीस लागतो. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे मूळ वसतिस्थान कोकण. आव महिन्याच्या नवमीच्या उपवासास त्यांनी 'बिरड्याचा सण' हे अस्सल मराठी नाव दिले. तो येतो ऐन पावसाळ्यात. अशा दिवसांत सात दिवस थांबणाऱ्याच्या हाती सुमारे आठच रात्री उरतात. त्या मेघाच्छादित गेल्या, तर गणित कितीही अचूक असो, त्या महिन्याचे वंदन राहूनच जाते.

सवाई जयसिंहाने 18 व्या शतकात उज्जयिनीस वेधशाळा उभारली, तीही ग्रंथोक्त गणित आकाशाशी ताडून पाहण्यासाठीच. विद्यार्थ्यांस पंचांग शिकविताना आपणही त्यांस एकदा शुद्ध द्वितीयेच्या सायंकाळी पश्चिमेकडे पाहावयास लावावे, असे आम्हांस वाटते.