गोखल्यांनी न सांगितलेली नावे

निपाणीहून कोल्हापूरला जाताना कागल लागते. गोपाळ कृष्ण गोखले लहानपणी तिथे शिकले. १८९७ साली ते वेल्बी आयोगापुढे साक्षीसाठी इंग्लंडात होते. पुण्याच्या स्नेह्यांनी खासगी पत्रांतून प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सैनिकांचे अत्याचार कळवले. गोखल्यांनी ते तेथील वृत्तपत्रात मांडले. परतल्यावर पुरावा हवा होता. पत्रलेखक पुढे येईनात. नावे सांगितली तर सरकारचा रोष त्यांच्यावर गेला असता. गोखल्यांनी स्वतः जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले, तरी नावे त्यांनी उघड केली नाहीत. १९०५ साली तेच काँग्रेसचे अध्यक्ष झाले. रुग्णांची गुपिते सांभाळणाऱ्या मला त्या माफीत भित्रेपणा दिसत नाही. विश्वासाने लिहिणाऱ्यांची राखण दिसते.