मिलिमीटरभर स्पष्टतेची किंमत

१९२८ साली जर्मनीत 'उरफॉर्मेन डेर कुन्स्ट', म्हणजे 'कलेची मूळ रूपं', हे छायाचित्रांचं पुस्तक निघालं. छायाचित्रं १२०, आणि सगळी वनस्पतींची. भोपळ्याचे तणावे पाहताना घडीव लोखंडाची जाळीच समोर आहे असं वाटावं, इतकी प्रत्येक कड त्यात रेखीव उतरली होती. कार्ल ब्लॉसफेल्ट हे नाव या पुस्तकानं जगभर पोहोचवलं, तेव्हा त्यानं साठी ओलांडली होती.

तरुणपणी त्यानं लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केली होती. पुढे बर्लिनच्या कलाशाळेत तो तीस वर्षं शिकवत होता. विद्यार्थ्यांना नक्षीकामाचे मूळ आकार निसर्गातच दाखवायचे, म्हणून तो ही छायाचित्रं काढत असे. कॅमेरा त्यानं स्वतः जुळवलेला, मागे करड्या किंवा पांढऱ्या पुठ्ठ्याचा पडदा आणि उजेड दिवसाचा, मऊ, सगळीकडे सारखा पसरलेला. कडक सावली पडली की देठावरची लव आणि शिरा काळोखात बुडतात. पसरट उजेडात त्या एकेक करून मोजता येतात.

मात्र अशा उजेडाची किंमत वेळेत मोजावी लागे. फूल फिल्मवर आहे त्याच आकाराचं उमटवायचं, तर भिंग फिल्मपासून इतकं पुढे न्यावं लागतं की प्रकाश चौपट लागतो. त्यात फोकसमध्ये राहणारा पट्टा अगदी अरुंद. ३५ मिमी फिल्मवर भिंगाचं छिद्र एफ/८ ठेवलं, तर तो जेमतेम एक मिलिमीटर भरतो. परागकोश स्पष्ट, तर पाकळीची कड धूसर. छिद्र आणखी बारीक केलं की पट्टा रुंदावतो, पण मग उजेड आणखी घटतो आणि शटर अधिक वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ फुलानं हलायचं नाही! ब्लॉसफेल्ट झाडाचे तुकडे खोलीत आणून टिपत असे, त्याचा हा मोठाच फायदा होता.

अमेरिकेत छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम हिची अडचण निराळी होती. तीन लहान मुलं सांभाळताना घराबाहेर पडणं अवघड, म्हणून तिनं कॅमेरा बागेतल्या झाडांकडे वळवला. १९२५ च्या 'मॅग्नोलिया ब्लॉसम'मध्ये एकच फूल चौकटभर पसरलं आहे. मध्यभागी केसरांचा दाट तुरा, भोवती पाकळ्यांचे फिकट वळसे. १९३२ मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन यांच्यासोबत ती छायाचित्रकारांच्या ज्या गटात उभी राहिली, त्याचं नावच 'एफ/६४' होतं. मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगाचं हे अतिशय बारीक छिद्र, पुढून मागेपर्यंत सगळं स्पष्ट ठेवणारं. छोट्या फिल्मवर मात्र हा उपाय चालत नाही. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश वाकून पसरतो आणि अख्खं चित्रच मवाळ पडतं.

पन्नासच्या दशकात साधनं बदलली. १९५५ मध्ये हाइन्झ किलफिटचं 'माक्रो-किलार' हे ३५ मिमी कॅमेऱ्यासाठीचं मॅक्रो भिंग आलं आणि एकाच भिंगानं दूरचा डोंगर आणि जवळची कळी दोन्ही टिपता येऊ लागलं. भिंगाभोवती बसणारा रिंग फ्लॅश दंतवैद्यांसाठी घडला होता, तोही फुलांपर्यंत पोहोचला. क्षणार्धाच्या लखलखाटामुळे बारीक छिद्र ठेवूनही वाऱ्यातलं फूल थांबवता येऊ लागलं. पण समोरून सगळीकडे सारखा पडणारा हा उजेड पाकळीचा उठाव पुसून टाकतो. म्हणून फ्लॅश बाजूला घेऊन त्यावर पांढरं कापड किंवा डिफ्यूझर लावण्याची पद्धत रुळली. एका बाजूनं येणाऱ्या मऊ उजेडात पाकळीची वळणं दिसू लागतात.

डिजिटल काळात 'फोकस स्टॅकिंग' आलं. फोकस किंचित पुढे सरकवत एकाच फुलाचे अनेक फोटो घ्यायचे आणि संगणकानं प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून जोडायचा. यात भिंगाचं छिद्र मध्यम ठेवता येतं, म्हणून तपशीलही धारदार राहतो. स्टुडिओत हे सुरेख जमतं. कासच्या पठारावर पावसाळी वाऱ्यात 'सीतेची आसवं' हे सेंटिमीटरभराचं फूल टिपताना मात्र दोन फोटोंच्या मधल्या वेळात ते जागा सोडतं. तिथं अनुभवी छायाचित्रकार एकाच फोटोवर भिस्त ठेवतात. छत्रीनं वारा अडवतात, शेजारची रोपं चिरडणार नाहीत अशी जागा पाहून कोपर टेकतात आणि कॅमेरा फुलाच्या दर्शनी भागाला समांतर धरतात. हाती असलेला अरुंद पट्टा ते पाकळीच्या शिरांवर खर्च करतात आणि मागचं गवत खुशाल धूसर होऊ देतात.