एजफील्डच्या मुडद्यांचे कागद

१८५६ च्या मे महिन्यात साउथ कॅरोलायनाचा लोकप्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स अमेरिकेच्या सिनेटमध्ये शिरला आणि गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या चार्ल्स समनरला त्याच्याच मेजापाशी गाठून त्याने काठी मोडेपर्यंत बडवले. ब्रूक्सकडे मुळात काठी का होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १८४० मध्ये लुई विगफॉल या आपल्याच गावच्या माणसाशी त्याचे पिस्तुलांचे द्वंद्व झाले होते. दोघांनाही गोळ्या लागल्या, आणि तेव्हाच्या जखमेमुळे ब्रूक्सला काठी टेकत चालावे लागे. त्याच वर्षी विगफॉलने ब्रूक्स कुटुंबाच्या बाजूने भांडायला आलेल्या थॉमस बर्ड या तरुणाला गावच्या कोर्टाच्या इमारतीपाशी गोळी घालून ठार केले होते. प्रकरण आरोपपत्रापर्यंतही गेले नाही. विगफॉल पुढे टेक्ससमधून सिनेटर झाला.

हे गाव म्हणजे एजफील्ड. राज्याच्या पश्चिम कडेला, सव्हाना नदीच्या अलीकडचा कापसाचा मुलूख. १८६८ पर्यंत या मुलखाला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणत, नंतर ‘काउंटी’. यादवी युद्धापूर्वी इथली निम्म्याहून जास्त वस्ती गुलाम होती. साउथ कॅरोलायनाचे दहा गव्हर्नर या मातीतले, आणि त्याचा तिथे अभिमान आहे. बाहेर मात्र एजफील्डचा लौकिक दुसराच होता. इथे माणसे चटकन मारतात आणि चटकन सुटतात, असे आसपासचे लोकही बोलत. १८८० मध्ये होरेस रेडफील्ड या पत्रकाराने उत्तर आणि दक्षिणेतल्या खुनांची तुलना करणारे पुस्तक काढले. पोलिसांची आकडेवारी नव्हतीच, म्हणून त्याने वर्तमानपत्रांतल्या बातम्या मोजल्या. त्याच्या हिशेबात दक्षिणेच्या राज्यांनी उत्तरेला कितीतरी मागे टाकले होते, आणि ज्या राज्यांवर त्याचा भर होता त्यांत साउथ कॅरोलायना होते.

पण बातमी छापून येण्याआधी एक कागद तयार होत असे, आणि तो कॉरोनरचा. इंग्लंडमध्ये हे पद ११९४ पासूनचे. मूळ हेतू राजाच्या उत्पन्नाचा: कोण मेले, कोणाच्या हातून, आणि त्यातून सरकारजमा काय होते. वसाहतींबरोबर हे पद अटलांटिकपार गेले, तसेच ते मुंबईतही आले. मुंबईचे कॉरोनर कोर्ट १९९९ पर्यंत चालू होते. बाकी महाराष्ट्रात ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद आणि इन्क्वेस्ट पंचनामा पोलिसांकडे असतो. एजफील्डमध्ये पोलीसच नव्हते. शेतात, ओढ्यात, कोठारात प्रेत सापडले की कॉरोनर घोड्यावर बसून निघे. तो लांब असला, तर जवळचा जस्टिस ऑफ द पीस त्याचे काम करी. शेजारपाजारचे लोक बोलावून ज्यूरी बसे, आणि बसे ती प्रेतासमोरच, कारण प्रेत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निकाल देता येत नसे. पुरले असेल तर उकरून काढत. कॉरोनरला वैद्यकाचे शिक्षण लागत नसे. डॉक्टर बोलावला तर त्याचे पैसे वेगळे, आणि बिल काउंटीच्या तिजोरीतून.

या कागदांची भाषा ठरीव होती. खुनी किंवा आत्महत्या करणारा ‘देवाचे भय न बाळगता सैतानाच्या चिथावणीने’ वागला, असे शतकानुशतके चालत आलेले वाक्य त्यात येई. आपोआप आलेले मरण ‘ईश्वराच्या भेटीने’ आले असे लिहीत. मारणारा ओळखीचा नसला, किंवा ओळखीचा असूनही नाव लिहायचे नसले, तर ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून’. युद्धानंतर जमावाने झाडाला टांगलेल्या कितीतरी काळ्या माणसांच्या कागदावर हेच तीन शब्द उमटले. टांगताना अख्खा गाव हजर असे, हा भाग वेगळा.

तरीही हे कागद रूक्ष नाहीत. जखम कुठे, किती बोटे खोल, कवटी कुठे फुटली, पाठीवर वळ किती जुने, हे सारे त्यांत सापडते. जॉर्जिया विद्यापीठातले इतिहासकार स्टीफन बेरी यांनी साउथ कॅरोलायनाच्या काही काउंटींतले एकोणिसाव्या शतकातले असे दीड हजारांहून अधिक पंचनामे गोळा केले. एरवी इतिहासात ज्यांचे नावही येत नाही ती माणसे इथे येतात, कारण मरताना त्यांनी कोणाला तरी अडचणीत टाकलेले असते. शरीराबद्दल हा कागद बराच प्रामाणिक आहे. तो कचरतो हाताबद्दल, आणि त्याला तसे शिकवले होते कायद्याने.

साउथ कॅरोलायनाचा १७४० चा कायदा गुलामाला मालमत्ता मानत असे, पण त्याचा खूनही त्यात दंडास पात्र होता: जाणूनबुजून मारले तर सातशे पौंड, रागाच्या भरात किंवा ‘शिक्षा’ करताना मेला तर साडेतीनशे. गुलामाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे. प्रसंगी दुसरा गोरा हजर नसला, तर मालकाला स्वतःच्या शपथेवर निर्दोष ठरण्याची सोय होती. म्हणजे चाबूक ज्याच्या हातात, शपथही त्याचीच. १८२१ मध्ये कायदा सुधारला आणि गुलामाच्या खुनाला फाशी आली, पण ‘रागाच्या भरात’ची वाट उघडीच ठेवली: जास्तीत जास्त पाचशे डॉलर दंड आणि सहा महिने कैद. ज्यूरीने पाठीवरचे वळ मोजून लिहिले तरी पुढचे सगळे या वाटेने जाऊ शकत होते.

क्वचित कायदा चावलाही. १८५४ मध्ये वॉल्टरबरो इथे मोटली आणि ब्लॅकलेज या दोन गोऱ्यांना फाशी झाली. पळून चाललेल्या एका गुलामामागे कुत्री सोडून त्यांनी त्याला मारले होते. राज्याला हे उदाहरण पुढे करायला फार आवडे, आणि वारंवार पुढे करायला त्याच्याजवळ दुसरी फारशी नव्हती.

कॉरोनर जिथे पोचलाच नाही ते मरण मोजायला गेले तर हिशेब फार मोठा होतो. एजफील्डला लागून असलेल्या बार्नवेलमध्ये जेम्स हॅमंडचा सिल्व्हर ब्लफ मळा होता. हॅमंड म्हणजे सिनेटमध्ये ‘कापूस हाच राजा’ अशी घोषणा करणारा. पहिल्या दहा वर्षांत, १८३१ ते १८४१ मध्ये, त्याच्या मळ्यावर ७८ गुलाम मेले आणि जन्मले त्याहून कमी. ताप आणि आजार हे संशयास्पद नव्हते, त्यामुळे ज्यूरी बसण्याचा प्रश्न नव्हता. त्या मृत्यूंची वही हॅमंडच्याच घरात.

आणि बाळे. १८५० च्या जनगणनेत प्रथमच वर्षभरातल्या मृत्यूंची कारणे विचारली गेली, आणि दक्षिणेतल्या तक्त्यांवर गुलाम बाळांच्या नावापुढे पुन्हा पुन्हा एकच कारण आले: आईने झोपेत अंगाखाली घेऊन गुदमरवले. त्यावेळच्या गोऱ्यांना ते पटायला वेळ लागला नाही. आया निष्काळजी, नाहीतर मुद्दाम मारणाऱ्या. १९८१ मध्ये इतिहासकार मायकेल जॉन्सन यांनी हे तक्ते पुन्हा वाचले. मेलेल्या बाळांचे वय आणि मरणाचे महिने पाहता ही बहुतेक आकस्मिक अर्भकमृत्यूंची प्रकरणे दिसत होती, आणि त्यामागे गरोदर बायकांना शेवटपर्यंत करावी लागणारी कापसातली मेहनत असावी. तेव्हा नावे ठेवली गेली ती आयांना. मुकादमाचे नाव कुठल्याच रकान्यात नव्हते.

युद्ध संपले, गुलामगिरी गेली, आणि १८७६ च्या उन्हाळ्यात या यंत्रणेची खरी कसोटी लागली. सव्हाना नदीकाठचे हॅम्बर्ग पूर्वी एजफील्डमध्ये होते, १८७१ पासून नव्या एकन काउंटीत. गावात काळ्यांची सत्ता होती. न्यायदानाचे काम प्रिन्स रिव्हर्सकडे होते. तो जन्माने गुलाम, ब्यूफर्टमध्ये कोचमन, मग उत्तरेच्या सैन्यातला सार्जंट. ४ जुलैला रस्त्यावर कवायत करणाऱ्या काळ्या मिलिशियाशी बग्गीतून चाललेल्या दोन गोऱ्या तरुणांचा वाद झाला. ८ तारखेला सुनावणी होती. गोऱ्यांचा वकील म्हणून मॅथ्यू बटलर हा माजी जनरल आला आणि त्याने मिलिशियाची शस्त्रे मागितली. बाहेर शेकडो बंदूकधारी जमले. मिलिशियाने शस्त्रागाराच्या इमारतीत आसरा घेतला. पलीकडच्या ऑगस्टाहून तोफ आणली. मेरिवेदर हा एक गोरा ठार झाला. काळे मेले सहा, आणि त्यांतले बहुतेक पकडले गेल्यावर, निवडून बाजूला काढून.

रिव्हर्सने कॉरोनरचे काम अंगावर घेतले. ज्यूरी बसवली, साक्षी नोंदवल्या. या वेळी ‘अज्ञात व्यक्ती’ नव्हत्या. ज्यूरीने ऐंशीहून अधिक गोऱ्यांची नावे घेतली, त्यांत बटलर, आणि एजफील्डचा तरुण शेतकरी बेन टिलमनही. अटकेची कारवाई झाली, जामीन झाले, तारखा पुढे गेल्या, आणि त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीतून राज्याची सत्ताच उलटली. खटला एकावरही चालला नाही.

१८८० मध्ये कॅश आणि शॅनन यांच्या गाजलेल्या द्वंद्वानंतर राज्याने द्वंद्वबंदी कडक केली, अधिकाऱ्यांना ‘मी द्वंद्वात उतरलो नाही’ अशी शपथ घ्यावी लागू लागली. हॅम्बर्गसारख्या कामाबद्दल कोणी शपथ मागितली नाही. रिव्हर्स पुन्हा बग्गी हाकू लागला आणि १८८७ मध्ये वारला. मेरिवेदरच्या नावाचा स्तंभ १९१६ मध्ये जवळच्या नॉर्थ ऑगस्टामध्ये उभा राहिला. बटलर १८७७ मध्ये सिनेटर झाला आणि १८९५ पर्यंत राहिला. त्याच्या जागेवर निवडून आला टिलमन. तो १९१८ मध्ये मरेपर्यंत सिनेटमध्ये होता, आणि काळ्यांना गोळ्या घातल्याचे तिथे भर सभागृहात फुशारकीने सांगत असे.